खळ लावलेली पदवी

"कागद भिंतीला शोभतो, पोट खुंटीला टांगता येत नाही."

तराजूकाका हे दिवसातून किती वेळा म्हणत, ते काकूंना विचारावं. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्यांनी मोजलं, मग सोडून दिलं. गळक्या नळाकडे माणूस जसा लक्ष देईनासा होतो, तसं त्यांचं झालं होतं.

खरं म्हणजे काकांच्या दुकानात तराजू नव्हता. दुकान फ्रेमचं. कॉलेजचा उतार जिथे बाजाराला येऊन मिळतो, तिथे डाव्या हाताला झेरॉक्सवाला, उजव्या हाताला शिंपी आणि मधे हे आठ फुटांचं दुकान. आत पाऊल टाकलं की आधी वार्निशचा वास नाकात शिरे, मग भिंत दिसे. भिंतभर फ्रेमच्या पट्ट्यांचे नमुने ठोकलेले, नुसते कोपरे. कोणी शेकडो घरांचा एकेक कोपरा कापून पळवून आणावा तसे. काका पट्ट्या कापायचे, कोपरे जुळवायचे आणि बोलायचे. मागच्या उंच टेबलाशी काकू हिरकणीने काच कापायच्या आणि गप्प असायच्या. काच कापताना बोलता येत नाही. जीभ हलली की हात हलतो, हात हलला की काच वाटेल तिथे जाते. तीस वर्षं अशी गप्प राहून काकूंकडे बरंच काही साठलं होतं. कधीमधी त्यातला एखादा तुकडा बाहेर पडे, आणि त्याला धार असे.

दर वर्षी पदवीदान झालं की पोरंपोरी गुंडाळलेल्या पदव्या काखेत मारून उतार उतरत आणि थेट इथे येत. इतक्या पदव्या इतक्या जवळून कोणत्या प्राचार्यानेही पाहिल्या नसतील, असं काका म्हणत. एका अर्थी ते खरंही होतं. प्राचार्य पदवी देताना फोटोवाल्याकडे बघतो. काका पदवीकडे बघत.

त्यांची एक रीत होती. फ्रेमला पुढून काच असते आणि मागून पाठ. जग पुढून बघतं, काका पाठीवरून पारख करत. एखादी पदवी नोकरीसाठी वरचेवर बाहेर काढावी लागेल असं वाटलं, तर पाठीला चार पितळी फिरक्या लावत. बोटाने फिरवली की पाठ उघडली. डॉक्टर, वकील अशी मंडळी एकदा फ्रेम टांगत ती कायमची, म्हणून त्यांच्या पाठीला बारीक खिळे आणि वरून तपकिरी कागदाची पट्टी. आणि तिसरा प्रकार खळीचा. मैद्याची घट्ट खळ करायची, कागद थेट पुठ्ठ्यावर चिकटवायचा, वरून फडक्याने दाबायचा. हा प्रकार धबधबे, सूर्यास्त आणि बर्फाचे डोंगर यांच्यासाठी होता. धबधब्याला कोणी मुलाखतीला बोलावत नाही.

कुठली फ्रेम किती वेळा उघडायला परत आली, हे काकांच्या लक्षात असे. त्यावरून कोणत्या पदवीला बाजारात काय भाव आहे ते त्यांनी ठरवलं, आणि गावाने ते मानलं. बारावीचे निकाल लागले की आईबाप मुलांना घेऊन येत. "काका, जरा तोलून द्या." तेव्हापासून नाव पडलं तराजूकाका. फ्रेम करायला आलेलं गिऱ्हाईक ताटकळत उभं राही आणि काका फुकटात कोणाचं तरी आयुष्य तोलत बसत.

थोरल्या मुलाचं त्यांनीच तोललं होतं. संगणकाचं इंजिनिअरिंग. त्याच्या पदवीला सागवानी पट्टी आणि अस्सल पितळेच्या फिरक्या. सहा वर्षांत त्या नऊ वेळा फिरल्या. "नऊ वेळा!" काका गिऱ्हाइकाला सांगत. "याला म्हणतात चालती पदवी."

"चालती असती तर एकदाच काढावी लागली असती," काकू टेबलावरून म्हणत आणि पुन्हा काचेवर वाकत.

गिऱ्हाईक हसावं की नाही या विचारात पडे.

धाकटीने मात्र स्वतःचं स्वतः तोललं आणि इतिहास घेतला. त्या दिवशी दुकानात जे झालं ते शिंप्याने भिंतीपलीकडून ऐकलं, झेरॉक्सवाल्याने मशीन बंद करून ऐकलं.

"जे होऊन गेलं त्याचा पगार कोण देणार गं तुला?" काका म्हणाले.

"तुम्हीसुद्धा होऊन गेलेल्या परीक्षांचेच कागद टांगता ना बाबा? तुमचं चाललंय की."

महिनाभर बापलेक काकूंमार्फत बोलत होते. "तिला सांग, पाणी दे." "त्यांना सांग, माठ त्यांच्या मागेच आहे." पुढे बोलणं सुरू झालं, पण काकांच्या बोलण्यात एक कुसळ राहिलं ते राहिलंच. शेवटच्या वर्षाला धाकटी जुन्या कागदपत्रांचा अभ्यास करू लागली, वाळवी लागलेले, एकमेकांना चिकटलेले कागद कसे सोडवायचे ते शिकू लागली, तेव्हा काकांनी त्याला नाव दिलं "रद्दीचा अभ्यास." पदवी मिळाल्यावर ती शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात बसू लागली. मग तर काकांना उदाहरणच मिळालं. भिंतीकडे अंगठा करून ते गिऱ्हाइकाला म्हणत, "इतिहासाची पदवी ना? ती काय, पलीकडे झेरॉक्स काढतेय." भिंत पातळ होती.

तरी बाप तो बाप. धाकटीची पदवी आली तेव्हा त्यांनी पट्टी चांगली निवडली, अक्रोडी रंगाची, कोपरे असे जुळवले की नख जाईना. आणि मग मैद्याची खळ कालवायला घेतली.

"अहो, खळ कशाला?" काकूंनी विचारलं.

"सुरकुती धरत नाही. आणि ही कुठे बाहेर निघणार आहे?"

काकूंच्या हातात काच होती. त्या गप्प राहिल्या. काच कापून झाल्यावरही त्या गप्प राहिल्या, आणि ती गोष्ट नंतर त्यांना कितीतरी दिवस लागून राहिली. पदवी भिंतीवर लागली. धाकटी म्हणाली, "छान दिसतेय," आणि कामाला गेली. पाठ तिने पाहिली नाही.

वर्ष सरलं. एका दुपारी, साडेबाराच्या सुमाराला, शेजारचा शिंपीमास्तर आपल्या मुलीला घेऊन आला. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच. मुलीच्या हातात प्रवेशाचा अर्ज, एक रकाना कोरा.

"काका, आज शेवटचा दिवस. हिला रसायनशास्त्र पाहिजे, हिची आई म्हणते वाणिज्य. तोलून द्या."

काकांनी कानामागची पेन्सिल काढून पुन्हा कानामागेच ठेवली. हे सुरुवातीचं असे. मग काकूंच्या टेबलावरचा काचेचा एक तुकडा त्यांनी उजेडात धरला.

"विज्ञान म्हणजे ही. स्वच्छ, आरपार. पण एकटी उभी करून दाखव बरं. चारी बाजूंनी धरायला कोणीतरी लागतं. एका पदवीवर भागत नाही, दुसरी लागते, मग तिसरी. तोवर मास्तर, तुमचे डोळे जातील सुईत दोरा ओवता ओवता."

मास्तरांनी मान हलवली.

"वाणिज्य म्हणजे देवदार. हलकं लाकूड, कुठेही बसतं. कोणी कौतुक करत नाही, कोणी फेकूनही देत नाही."

"आणि ते व्यवस्थापन का काय?"

काकांनी भिंतीवरचा झगझगीत सोनेरी कोपरा काढून मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी तो दाबला. तो वाकला.

"प्लास्टिक!"

"लांबून सोनं. कंपन्याही लांबूनच बघतात, म्हणून खपतं."

मुलगी इतका वेळ पिशवीचा बंद चावत उभी होती. ती म्हणाली, "काका, तुमची पदवी कुठली?"

मास्तरांनी तिला कोपराने ढोसलं. काकांना मात्र राग आला नाही. या प्रश्नाची ते वाटच बघत असत.

"आठवी नापास. मला चौकट नाही, म्हणून तर सगळ्यांच्या चौकटी दिसतात."

"चौकट नाही हे खरं," मागून काकू म्हणाल्या.

"आणि इतिहास?" मुलीने विचारलं. "इतिहास घेतला तर?"

काका हसले. एवढ्या वर्षांत असं आयतं गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. त्यांनी अक्रोडी फ्रेमकडे बोट केलं.

"इतिहास म्हणजे धबधब्याचं चित्र. बघत बसा, तहान भागत नाही. ती बघ, आमच्या धाकटीची. तिला मी फिरक्याबिरक्या काही लावल्या नाहीत. सरळ खळ लावून पुठ्ठ्याला चिकटवून टाकली. जन्मात निघायची नाही!"

"खळ?"

दारात धाकटी उभी होती. हातात फोन, केस विस्कटलेले. ती धावत आली होती, धावत यायला चारच पावलं असली तरी.

"बाबा, खळ लावलीत?"

काकांनी फ्रेमकडे केलेलं बोट खाली घेतलं. धाकटीने फोन खिशात टाकला आणि जे सांगितलं ते एका दमात. नदीपलीकडच्या जुन्या दप्तरखान्यात सहायकाची जागा होती. परीक्षा तिने सहा महिन्यांपूर्वी दिली होती, घरात सांगितलं नव्हतं. निवडयादीत तिचं नाव दुसरं होतं. पहिला माणूस आलाच नाही. आता फोन आला, आज चारच्या आत मूळ पदवी घेऊन या, नाहीतर तिसऱ्याला बोलावतो.

"मग ने की अशीच," काका म्हणाले. "फ्रेमसकट ने. उलट रुबाब दिसेल."

"पाठीमागे नोंद असते बाबा. क्रमांक आणि सही. ते तीच तपासतात."

"कशाच्या पाठीमागे?"

"पदवीच्या. कागदाच्या."

तीस वर्षं पदव्या हाताळणाऱ्या माणसाने कागद कधी उलटा करून पाहिला नव्हता. फ्रेमची पाठ त्यांना पाठ होती. कागदालाही पाठ असते आणि तिच्यावर कोणी काही लिहितं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. पण हात सवयीचे. त्यांनी फ्रेम खाली घेतली, पाठ उचकटली, पुठ्ठा बाहेर काढला आणि पातं घेऊन कागदाचा कोपरा उचलायला गेले. कोपरा उचलला गेला खरा, पण वरचा पापुद्राच तेवढा; खालचा पुठ्ठ्यालाच राहिला.

"हात लावू नका!"

धाकटीचा असा आवाज काकूंनी कधी ऐकला नव्हता. काकांनी पातं खाली ठेवलं.

"किटलीची वाफ देऊ?" ते म्हणाले.

"वाफ दिली तर पुढची शाई उतरेल. बाबा, कागद पुठ्ठ्यावरून सोडवायचा नसतो. पुठ्ठा कागदावरून सोडवायचा असतो. आई, टेबल."

काकूंनी टेबल मोकळं केलं. तीस वर्षांत त्या टेबलाशी दुसरं कोणी उभं राहिलं नव्हतं. त्यांनी सगळ्यात मोठी काच घेतली, दोनदा पुसली, वर कोरा कागद अंथरला. धाकटीने पदवी त्यावर पालथी घातली, आता वर फक्त पुठ्ठा. मग ती पुठ्ठा मागून सोलू लागली, कांद्यासारखा, पापुद्र्यामागून पापुद्रा. ओढताना हात उंच नाही, काचेला जवळजवळ समांतर. मधेच थांबून बोटांच्या टोकांनी जाडी बघायची, मग पुढे. शिंपीमास्तर पळत जाऊन अस्तराचं पांढरं कापड घेऊन आले. त्यांची मुलगी अर्ज छातीशी धरून टेबलाला चिकटून उभी राहिली. कोरा रकाना सगळे विसरले.

एक वाजला. दीड वाजला. काकांच्या हातांना स्वतःच्याच दुकानात काम नव्हतं. त्यांनी झाडू घेतला, ठेवला. एक पट्टी मोजली, पुन्हा मोजली.

"मी म्हणतो, थोडं कोमट पाणी—"

"अहो," काकू म्हणाल्या, "जरा गप्प बसा. काच कापतेय असं समजा."

काका गप्प बसले. समोरच्या पानवाल्याने पलीकडून हाक मारली, "काका, आज आवाज नाही?"

अडीचला शेवटचा पापुद्रा राहिला, सिगारेटच्या कागदासारखा, आणि त्याच्याखाली सुकलेली खळ. आता धाकटीने अस्तराचं कापड भिजवून घट्ट पिळलं, इतकं की पिळल्यावर थेंब पडेना, आणि वर पसरलं. मग तिने काय केलं तर काहीच नाही. हाताची घडी घालून उभी राहिली.

"थांबलीस का?" काकांना राहवेना.

"पाणी काम करतंय. रद्दीच्या अभ्यासात पहिलं हेच शिकवतात बाबा, थांबायला."

मास्तरांची मुलगी खुदकन हसली आणि बापाकडे बघून गप्प झाली.

तीनला कापड उचललं. खळ मऊ होऊन जेलीसारखी झाली होती. काकूंची लोणी लावायची बोथट सुरी धाकटीने आडवी धरली आणि खळ निपटून काढली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. खालून आकडे वर आले. आधी धूसर, मग स्पष्ट. क्रमांक शिल्लक होता, शिक्का शिल्लक होता. सही मात्र फुटली होती. जिथे नाव असायला हवं तिथे निळा डाग होता, आणि त्या डागातून एक शेपटी बाहेर आली होती.

धाकटीने ओठ चावला.

काकांनी घसा साफ केला. "एक काम कर. सांग, कॉलेजातच ओली झाली. कपाट गळत होतं म्हणावं."

"खोटं सांगू? दप्तरखान्यात? ती माणसं दिवसभर डागच बघतात बाबा. हा खळीचा आहे हे वासावरून सांगतील."

"मग कोणी विचारलं तर सांगशील काय?"

"मी नाही," धाकटी म्हणाली. पुढचं बोलायला तिची जीभ रेटेना.

तेव्हा काकूंनी सुरी पुसून ठेवली. त्यांच्या हातात काच नव्हती.

"तुम्ही जा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुमची खळ. तुम्हीच सांगा."

"मी? मी तिथे जाऊन काय बोलू? अगं, मोठमोठी शिकलेली माणसं असतात तिथे."

"रोज तोलता ना त्यांना? आज समोर जाऊन तोला."

हे लागलं. काका अंगावरच्या भुशाकडे बघू लागले. दुसरा कोणी असता तर चिडला असता. काकाही चिडण्याच्या बेतात होते. पण टेबलावर मुलीची पदवी उघडी पडली होती, पाठ वर करून, आणि तिच्यावरचा तो निळा डाग त्यांच्याकडे बघत होता. सगळ्या गावाच्या पदव्या टांगणाऱ्या माणसाने मुद्दाम मारून ठेवलेली एकच पदवी होती, आणि ती घरची होती. ते उठले.

"शर्ट बदलू?"

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "फ्रेमवाले आहात हे त्यांना दिसू दे. नाहीतर त्यांना वाटेल तुम्हीही इतिहासवाले."

ओली पदवी गुंडाळता येत नव्हती, घडी घालता येत नव्हती. बसच्या गर्दीत नेता येत नव्हती. काकूंनी हिरकणी घेऊन एक काच मापाने कापली, कडांची धार दगडाने मारली, आणि काचेवर अंथरलेल्या अस्तराच्या कोरड्या तुकड्यावर पदवी अलगद ठेवून वर दुसरा तुकडा घातला. काकांनी काच दोन्ही तळहातांवर घेतली. धाकटीने सायकल काढली. ती पुढे जाऊन रांगेत नंबर धरणार होती. चालत पंचवीस मिनिटं, आणि आता सव्वातीन झाले होते.

"पळू नका," ती वडिलांना म्हणाली. "आणि उन्हात नेऊ नका. ऊन लागलं की कडा वळतील."

"बरं."

"आणि बाबा, तिथे पोट, खुंटी वगैरे काही बोलू नका."

"नाही बोलत."

तिने पायडल मारलं आणि उताराच्या बाजूने दिसेनाशी झाली. काका पायरी उतरले. कानामागे पेन्सिल तशीच, सदऱ्याच्या बाहीला भुसा, आणि पुढे धरलेली काच. पानवाल्याने विचारलंच, "काका, एवढी जपून कोणाची पदवी?"

"मुलीची."

"थोरल्याची नाही?"

"मुलीची म्हटलं ना. इतिहासाची," काका म्हणाले, आणि थांबले नाहीत.

दुकानाच्या दारात काकू उभ्या होत्या. मागून शिंपीमास्तर पुढे झाले. "काकू, ते पोचतील हो. पण आमचं तेवढं… रसायन की वाणिज्य?"

"माझ्याकडे कशाला बघता? तिलाच विचारा. तोंड आहे तिला."

मुलीने वडिलांच्या खिशातलं पेन काढलं, अर्ज भिंतीवर धरला आणि रकाना भरला. काय भरलं ते काकूंनी पाहिलं नाही. त्या रस्त्याकडे बघत होत्या. काका डाव्या बाजूच्या दुकानांच्या छपरांखालून सावली धरून चालले होते, नव्या नवरीच्या पावलांनी, इतके सावकाश की एक कुत्रा त्यांना ओलांडून पुढे गेला आणि वळून बघू लागला. कोपऱ्यावर छपरं संपत होती. पुढे पुलापर्यंत सगळं ऊन. काका तिथे क्षणभर थांबले, इकडेतिकडे बघितलं, मग कंबरेत वाकले, डोकं आणि खांदे काचेवर आणून स्वतःचीच सावली तिच्यावर धरली, आणि तसेच ओणवे, अवघडलेले, पुलाकडे चालू लागले. रस्त्यावरची माणसं हसत होती. मास्तर हसले. त्यांची मुलगी हसली नाही. काकू दाराच्या चौकटीला हात लावून, तो वाकलेला माणूस पुलावर चढेपर्यंत बघत राहिल्या.